चिनी प्रवेशबंदी कायदा

चिनी प्रवेशबंदी कायदा हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १८८२ साली संमत केलेला कायदा होय. ६ मे १८८२ रोजी राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी त्यावर स्वाक्षरी केली. इंग्रजीत तो चायनीज एक्सक्लूजन ॲक्ट या नावाने ओळखला जातो. विशिष्ट राष्ट्रीयत्वाच्या श्रमिकांना नाव घेऊन देशाबाहेर ठेवणारा हा अमेरिकेचा पहिला महत्त्वाचा कायदा मानला जातो. मूळ दहा वर्षांची ही बंदी प्रत्यक्षात ६१ वर्षे टिकली. अल्पसंख्य समाजाविषयीचा पूर्वग्रह निवडणुकीच्या प्रचारातून कायद्यात कसा उतरतो, याचे उदाहरण म्हणून या कायद्याचा अभ्यास केला जातो.

पार्श्वभूमी

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडल्यानंतर दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतातून मजूर मोठ्या संख्येने येऊ लागले. १८५२ मध्ये परकीय खाणकामगारांवर जो मासिक कर बसला, त्याचा भार मुख्यतः त्यांच्यावरच पडला. १८५४ साली ‘पीपल विरुद्ध हॉल’ या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष ग्राह्य धरता येणार नाही असा निर्णय दिला आणि एका चिनी खाणकामगाराच्या खुनाबद्दल दोषी ठरलेल्या आरोपीची शिक्षा रद्द झाली. या निर्णयामुळे चिनी वस्त्यांना कायद्याचे संरक्षण जवळजवळ उरले नाही.

सेंट्रल पॅसिफिक रेल्वेच्या सिएरा नेवाडा पर्वतातील बांधकामावर बहुसंख्य मजूर चिनी होते. १० मे १८६९ रोजी युटामधील प्रॉमन्टरी येथे लोहमार्ग जोडला गेला आणि हे मजूर इतर कामांच्या शोधात शहरांकडे वळले. १८७३ च्या आर्थिक मंदीने बेकारी वाढली. वेतनकपातीचा राग रेल्वे कंपन्यांच्या मालकांवर निघण्याऐवजी शेजारच्या मजुरावर निघाला.

प्रचाराची भाषा

१८८० च्या जनगणनेत देशाच्या सुमारे पाच कोटी लोकसंख्येत चिनी लोक एक लाख पाच हजारांच्या आसपास, म्हणजे हजारी दोन इतकेच होते. तरीही प्रचारात त्यांचे वर्णन लोंढा, टोळधाड आणि आक्रमण अशा शब्दांत होत असे. सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनाजवळील रेताड मैदानावर १८७७ पासून डेनिस कर्नी याच्या सभा गाजू लागल्या. त्याच्या वर्किंगमेन्स पार्टी ऑफ कॅलिफोर्निया या पक्षाची घोषणा ‘चिन्यांनी गेलेच पाहिजे’ अशी होती. कर्नी स्वतः आयर्लंडहून आलेला स्थलांतरित होता आणि त्याला नागरिकत्व मिळून जेमतेम एक वर्ष झाले होते. त्याच्या पक्षाच्या दबावाने कॅलिफोर्नियाच्या १८७९ च्या राज्यघटनेत कंपन्यांनी व सरकारी खात्यांनी चिनी मजूर नेमू नयेत अशी कलमे आली.

या प्रचारात तीन युक्तिवाद पुन्हा पुन्हा आढळतात. पहिला ‘कुली’ या शब्दाभोवतीचा. चिनी मजूर हा बांधील, गुलामासारखा आहे. म्हणून त्याला रोखणे म्हणजे गुलामगिरीला विरोध करणे, असे मांडले जाई. वास्तविक बहुतेक मजूर प्रवासखर्चासाठी कर्ज काढून स्वेच्छेने येत आणि मजुरीतून ते फेडत. गुलामगिरी नुकतीच नष्ट केलेल्या देशात वंशभेदाच्या मागणीला नैतिक पोशाख चढवण्याचे काम या एका शब्दाने केले.

दुसरा युक्तिवाद रोगराईचा. १८७६ च्या देवीच्या साथीचा दोष चिनी वस्तीला दिला गेला. १९०० साली प्लेगच्या भीतीने सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी वस्तीभोवती नाकेबंदी झाली, तेव्हा सीमारेषा अशी आखली गेली की गोऱ्यांची दुकाने बाहेर राहिली. संघीय न्यायालयाने ही नाकेबंदी भेदभावाची ठरवून रद्द केली.

तिसरा, ‘हे लोक आपल्यात मिसळत नाहीत’ हा. त्यांना नागरिकत्व नाकारले होते. १८७५ च्या पेज कायद्याने चिनी स्त्रियांचे येणे जवळजवळ थांबवले होते. आणि मग ते एकटे, वेगळे राहतात, असा दोष त्यांच्यावरच ठेवला जात होता. ज्या भिंती कायद्याने बांधल्या, त्यांचाच पुरावा म्हणून उपयोग झाला.

हा प्रचार केवळ रस्त्यावरच्या वक्त्यांपुरता नव्हता. त्या काळातील अध्यक्षीय निवडणुका अटीतटीच्या असल्याने पॅसिफिक किनाऱ्याची मते दोन्ही पक्षांना हवी होती. १८८० साली निवडणुकीच्या तोंडावर रिपब्लिकन उमेदवार जेम्स गारफिल्ड चिनी स्थलांतराला अनुकूल आहेत असे दाखवणारे एक बनावट पत्र वृत्तपत्रात छापून आले. गारफिल्ड निवडून आले खरे, पण कॅलिफोर्निया अगदी थोड्या मतांनी गमावून. कामगार संघटनाही मागे नव्हत्या. १९०२ साली अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरने ‘मांस विरुद्ध भात’ अशा आशयाच्या शीर्षकाची पुस्तिका प्रसिद्ध केली. संघटनेचे अध्यक्ष सॅम्युअल गॉम्पर्स हे लंडनमध्ये जन्मलेले, स्थलांतरित ज्यू कुटुंबातले होते.

तरतुदी आणि विस्तार

वीस वर्षांच्या बंदीचे पहिले विधेयक आर्थर यांनी नाकारले. दहा वर्षांचे मान्य केले. कुशल व अकुशल मजुरांना प्रवेश बंद झाला. व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी व प्रवासी यांना सूट होती. कोणत्याही न्यायालयाने चिनी व्यक्तीला नागरिकत्व देऊ नये, हे कलम दूरगामी ठरले, कारण ज्याला मत नाही त्याच्याविरुद्ध बोलण्याची राजकीय किंमत मोजावी लागत नाही. सिनेटमध्ये मॅसेच्युसेट्सचे जॉर्ज फ्रिस्बी होअर यांनी विधेयकाला ठाम विरोध केला होता. त्यापूर्वी, १८६९ मध्ये, फ्रेडरिक डग्लस यांनी बोस्टन येथील भाषणात चिनी स्थलांतराचे समर्थन केले होते.

१८८८ च्या स्कॉट कायद्याने मायदेशी गेलेल्या मजुरांचे परतीचे दाखले रद्द केले. सुमारे वीस हजार माणसे बाहेर अडकली. १८९२ च्या गीअरी कायद्याने रहिवास दाखला सक्तीचा केला. १९०४ मध्ये बंदी बेमुदत झाली.

हिंसाचार

१८७१ मध्ये लॉस एंजेलिस येथे जमावाने चिनी वस्तीवर हल्ला करून अनेकांना फासावर लटकवले. कायदा झाल्यावर हिंसा थांबेल ही अपेक्षा फोल ठरली. २ सप्टेंबर १८८५ रोजी वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज येथे गोऱ्या खाणकामगारांनी २८ चिनी कामगारांना ठार मारले. कोणालाही शिक्षा झाली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टॅकोमा शहरातून संपूर्ण चिनी वस्ती हाकलून देण्यात आली.

प्रतिकार

चिनी समाज मूकपणे सोसत होता, हा समज चुकीचा आहे. पत्रकार वाँग चिन फू यांनी १८८३ साली न्यूयॉर्कमध्ये वृत्तपत्र काढले आणि कर्नीला जाहीर द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. शस्त्र म्हणून जेवणाच्या काड्या, आयरिश बटाटे किंवा क्रुप तोफा यांपैकी काहीही निवडण्याची मुभा त्यांनी दिली होती.

न्यायालयीन लढ्यांना संमिश्र यश आले. ‘यिक वो विरुद्ध हॉपकिन्स’ (१८८६) हा खटला लाकडी इमारतींतील धोबीखान्यांच्या परवान्यांविषयी होता. सुमारे दोनशे चिनी अर्जदारांना परवाने नाकारले गेले होते, तर इतरांपैकी जवळजवळ सर्वांना ते मिळाले होते. नियमाची भाषा निःपक्षपाती असली तरी अंमलबजावणी पक्षपाती असेल तर ती घटनाबाह्य ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. १८९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क यांच्या खटल्यात चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार जन्मसिद्ध नागरिकत्वाचे तत्त्व प्रस्थापित झाले. मात्र प्रवेशबंदीचा अधिकार न्यायालयाने १८८९ मध्येच मान्य केला होता.

भारतीयांशी संबंध

चिन्यांसाठी तयार झालेले युक्तिवाद पुढे जपानी व भारतीय स्थलांतरितांना लावण्यात आले. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाचा मोठा भाग निषिद्ध क्षेत्र ठरवला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय हे ‘गोरे’ नसल्याने नागरिकत्वास अपात्र आहेत, असा निकाल लागला. थिंड यांची बाजू वकील सखाराम गणेश पंडित यांनी मांडली होती. निकालानंतर सरकारने पंडित यांचेही १९१४ चे नागरिकत्व रद्द करण्याचा खटला भरला. तो त्यांनी अपील न्यायालयात १९२६ मध्ये जिंकला.

निरसन

दुसऱ्या महायुद्धात चीन मित्रराष्ट्र झाल्यावर जपानी प्रचाराला हा कायदा आयता सापडला. १७ डिसेंबर १९४३ रोजी तो रद्द झाला, पण वार्षिक प्रवेशाची मर्यादा केवळ १०५ होती. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क व शंभराचा कोटा मिळाला. राष्ट्रीयत्वावर आधारित कोटापद्धती १९६५ च्या कायद्याने संपुष्टात आणली.

सिनेटने २०११ मध्ये आणि प्रतिनिधीगृहाने २०१२ मध्ये या कायद्यांबद्दल खेद व्यक्त करणारे ठराव संमत केले. २०२० मध्ये कोविड साथीच्या काळात राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ‘चिनी विषाणू’ हा शब्दप्रयोग वारंवार केला, तेव्हा अनेकांनी १८७६ व १९०० च्या साथींचे दाखले दिले. आशियाई वंशाच्या नागरिकांवरील हल्ल्यांच्या पार्श्वभूमीवर मे २०२१ मध्ये द्वेषमूलक गुन्ह्यांच्या नोंदणी व तपासासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला.