एनांदचे शिनाणे व वॉल्टनची आख्यायिका

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ला रोशेल शहराच्या उत्तरेस एगुईयोंचें आखात आहे. आपल्या कोंकणांत खडपांस चिकटलेले जे शिनाणे मिळतात, त्यांच्याच जातकुळीच्या प्राण्याची शेती तेथें कित्येक शतकें चालत आली आहे. तिच्या उत्पत्तीविषयींच्या आख्यायिकेचा विचार येथें कर्तव्य आहे.

आख्यायिका अशी : इ. स. १२३५ त पॅट्रिक वॉल्टन नांवाचा आयरिश मनुष्य गलबत फुटून एनांद गांवाजवळ किनाऱ्यास लागला. समुद्रपक्षी धरण्यासाठीं त्यानें चिखलांत खुंट रोवून जाळें ताणलें. थोड्याच दिवसांत खुंटांवर शिनाणे बसले, व ते चिखलांतल्यांपेक्षां पुष्ट निघाले. मग त्यानें खुंटांच्या रांगा लावून त्या फांद्यांनीं विणल्या. या कुडास 'बूशो' म्हणतात.

कथा गोड, प्रमाण मात्र दुबळें. १८५५ सालीं कोस्त या शास्त्रज्ञानें आपल्या प्रवासवृत्तांत ती सांगितली व तिचा सर्वत्र प्रसार झाला. म्हणजे घटना व ग्रंथ यांत सहा शतकांचें अंतर. कोणी १२३५ च्या ठिकाणीं १०३५ हा शक देतात. 'बूशो' शब्द आयरिश ठरविण्याचाही यत्न झाला. परंतु कोशकार तो पोइतू प्रांताच्या बोलींतला मानतात. शिवाय, भरतीबरोबर आलेले मासे ओहोटीस अडविणाऱ्या कुडासही हेंच नांव होतें. तेव्हां मासे धरण्याच्या जुन्या कुडावर शिनाणे आपोआप बसले व तें कोळ्यांनीं हेरलें, हें अनुमान आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतें.

कोस्तनें वर्णिलेली रीतिही हेंच सुचविते. खोल पाण्याकडील उघड्या खुंटांवर बारीक पिलें बसत. तीं खरवडून, जुन्या जाळ्याच्या पिशव्यांत घालून, किनाऱ्याकडील विणलेल्या कुडास बांधीत. आज पिलें धरण्यास काथ्याचे दोर लावतात व ते खुंटांभोंवतीं गुंडाळतात. अशी विद्या एका रात्रींत एका पुरुषास स्फुरत नाहीं. ती अनेक हातांनीं घडते.

बखरींच्या विश्वसनीयतेविषयीं राजवाडे यांनीं १८९८ त जो इशारा दिला, तो येथेंही लागू आहे. आख्यायिका जपून ठेवावी, पण तिला दस्तऐवज समजूं नये. संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, कोळ्यांच्या घरचा एखादा कागद हातीं आल्यास तो क्षुल्लक म्हणून टाकूं नये. तेथें तसे कागद जपले गेले असते, तर वॉल्टनची गरज पडती ना.