मेंदूतील अर्बुदे : पेशीवाढीचे मापन
मेंदूतल्या गाठीतील पेशी किती जोमाने विभागत आहेत, हे प्रयोगशाळेत ठरवण्याच्या पद्धती. काही शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यावर करतात. त्या रुग्णाच्या अहवालासाठी असतात. काही काचपात्रात वाढवलेल्या पेशींवर करतात. त्या मुख्यतः औषधसंशोधनासाठी असतात. दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

सर्वांत जुनी पद्धत साध्या मोजणीची. फॉर्मॅलिनमध्ये राखून पॅरॅफिनमध्ये बसवलेल्या तुकड्याचे पातळ काप रंगवतात आणि विभाजन चालू असलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. मेंदूच्या आवरणावर वाढणाऱ्या मेनिंजिओमात ०.१६ चौ. मिमी.च्या सलग दहा क्षेत्रांत अशा ४ पेशी सापडल्या तर गाठ दुसऱ्या श्रेणीत जाते, २० सापडल्या तर तिसऱ्या. मरून आक्रसलेले केंद्रक विभाजनासारखेच दिसते, म्हणून येथे मुरलेली नजर लागते.

हल्लीच्या अहवालांत हमखास दिसतो तो केआय-६७ निर्देशांक. जर्मनीतील कील येथे योहानेस गेर्डेस व सहकाऱ्यांनी केआय-६७ या प्रतिपिंडाचे वर्णन १९८३ मध्ये केले. तो ज्या प्रथिनाला चिकटतो, ते विश्रांत पेशीत नसते. विभाजनचक्रात शिरलेल्या पेशीत असते. मूळ प्रतिपिंड गोठवलेल्या ऊतकावरच चाले. पुढे आलेल्या एमआयबी-१ या प्रतिपिंडामुळे पॅरॅफिनमधले जुने ब्लॉकही तपासता येऊ लागले. प्रतिपिंड चिकटल्याने कापात तपकिरी रंगलेल्या केंद्रकांची टक्केवारी म्हणजे हा निर्देशांक. ग्लायोब्लास्टोमा या आक्रमक गाठीत तो अनेकदा १५ ते २० टक्क्यांच्या आसपास असतो, मुलांमधल्या पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमात बहुधा अगदी कमी. मात्र किती पेशी चक्रात आहेत एवढेच तो सांगतो. त्या चक्र किती वेळात पुरे करतात किंवा किती पेशी मरतात, हे नाही. शिवाय एकाच गाठीत दाट रंगलेला भाग निवडला की आकडा चढतो, विरळ भाग घेतला की उतरतो. ग्लायोमांची (मेंदूच्या आधारपेशींपासून उद्भवणाऱ्या गाठींची) श्रेणी केवळ या आकड्यावर ठरवत नाहीत, ते योग्यच आहे.

१९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत ताकाओ होशिनो व सहकारी शस्त्रक्रियेआधी रुग्णाला शिरेतून ब्रोमोडीऑक्सियुरिडीन देत. डीएनए घडवणाऱ्या पेशी ते शोषून घेत आणि नंतर ओळखू येत. रुग्णाला वेगळे रसायन देणे भाग असल्याने ही पद्धत नेहमीच्या वापरात टिकली नाही.

काचपात्रात पेशी वाढवण्याची, म्हणजे पेशीसंवर्धनाची, भारतातील वाट मुंबईतून निघाली. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे काम करून परतलेल्या कमल रणदिवे यांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. आज पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील पेशीभांडार देशभर पेशी पुरवते. अशा पेशींवर एमटीटी चाचणी सर्रास होते : जिवंत पेशी पिवळ्या क्षाराचे जांभळ्या फॉर्मॅझनमध्ये रूपांतर करतात आणि रंगाची तीव्रता यंत्र मोजते. ही मोजणी चयापचयाची, विभाजनाची नव्हे; औषधाने चयापचय मंदावला तरी पेशी घटल्याचा भास होतो.

पेशींची ओळख हा आणखी एक प्रश्न. उप्सालात १९६० च्या दशकात तयार झालेली यू-८७ ही ग्लायोब्लास्टोमाची पेशीमालिका जगभर वापरली गेली. बाजारात मिळणाऱ्या यू-८७चा डीएनए मूळ रुग्णाच्या गाठीशी जुळत नाही, हे २०१६ मध्ये दाखवले गेले. त्या पेशी ग्लायोब्लास्टोमाच्याच असाव्यात, पण कोणाच्या, हे अज्ञात आहे. अनेक नियतकालिके आता पेशींच्या डीएनए-ओळखचाचणीची नोंद मागतात.