कोरी कॅसेट आणि कायदा

मंडळी, ऐंशीच्या दशकात आपल्याकडे गल्लोगल्ली कॅसेटची दुकाने होती. आवडत्या गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट नेऊन दिली की चार दिवसांत भरून मिळे. 'साठची की नव्वदची?' एवढेच दुकानदार विचारी. गाणे कोणाच्या मालकीचे, हे ना तो विचारी ना आपण. पुढे घरोघरी दोन कॅसेटचे टेपरेकॉर्डर आले आणि दुकानही नकोसे झाले. मित्राची कॅसेट आणायची, रात्रीत उतरवून घ्यायची, सकाळी परत.

सरकारचा रोख होता तो धंदा करणाऱ्यांवर. १९८४ साली कॉपीराइट कायद्यातली शिक्षा वाढवली : किमान सहा महिने, कमाल तीन वर्षे कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख दंड. १९९४च्या दुरुस्तीत, ज्याने धंद्यातल्या नफ्यासाठी हे केले नाही त्याला न्यायालय सबळ कारण असल्यास कमी शिक्षा देऊ शकेल, अशी सोय झाली. म्हणजे मित्राला कॅसेट भरून देणारा निर्दोष नव्हे, फक्त जरा सौम्य गुन्हेगार!

पण खरी गंमत १९५७च्या मूळ कायद्यात आहे. एका गाण्यात मालमत्ता तीन : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. खाजगी अभ्यासासाठी वाजवी नक्कल करण्याची मुभा कलम ५२ने दिली खरी, पण तिथे साहित्य, नाट्य, संगीत आणि कला एवढीच नावे होती. ध्वनिमुद्रणाचे नाव नाही. (मी वकील नव्हे, साधा मास्तर. पण शब्द नीट वाचायची सवय आहे.) म्हणजे पद वहीत उतरवा, त्याचे नोटेशन लिहून ठेवा, चालेल, तबकडीवरून टेपवर घेतलेत की कायदा तुमच्या पाठीशी नाही. 'कोणतीही कृती' असा शब्दप्रयोग त्या कलमात यायला २०१२ साल उजाडले. पंचावन्न वर्षे!

आता बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या घ्या. ध्वनिमुद्रणाचा हक्क तेव्हा पन्नास वर्षांचा, त्यामुळे १९४०पूर्वीच्या तबकड्या १९९०पर्यंत मोकळ्या झाल्या. त्यातले शब्द मात्र बांधलेले! 'मानापमान' आणि 'स्वयंवर' लिहिणारे काकासाहेब खाडिलकर १९४८ साली गेले. लेखकाच्या पश्चात पन्नास वर्षे या हिशेबाने १९९८ अखेर त्यांची पदे सर्वांची झाली असती. पण रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपत होता, म्हणून मुदत साठ वर्षांची केली गेली आणि आपले खाडिलकर २००८पर्यंत लांबले. 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ते १९२२ सालीच गेले, तेव्हा तिथे प्रश्न नव्हता. 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ते १९५५ साली गेले, म्हणून त्या २०१५ अखेरपर्यंत राखीव. एकाच नटाच्या गळ्यातून आलेली पदे, आणि हिशेब किती वेगळे!

कॅसेटच्या काळात निदान मित्र ओळखीचा असावा लागे. १९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर निघाले आणि ती अट गेली. जगातल्या कोणाच्याही संगणकातले गाणे कोणीही उतरवून घ्यावे. कंपन्या न्यायालयात गेल्या. हा खाजगी वापर आहे, असा बचाव झाला. अनोळखी माणसाला गाणे पाठवणे हा खाजगी वापर कसा, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. फेब्रुवारी २००१मध्ये अपिलातही नॅपस्टरच्या विरुद्ध निकाल गेला आणि जुलैत ती सेवा बंद झाली. निकाल मला पटतो. एका मित्रासाठी रात्र जागून कॅसेट भरणे वेगळे, आणि दोनशे जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर अख्खा अल्बम टाकून देणे वेगळे. त्या दोनशेंतले नावाने ओळखीचे किती असतात?

असो. 'स्वयंवर' आणि 'मानापमान'मधली पदे माझ्याकडे जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली आहेत, खरखरीसकट. हवी असतील त्यांनी कळवावे, जरूर पाठवीन. ऐंशी-नव्वदच्या दशकातले मात्र मागू नका. ते माझ्या घरी येऊन ऐका, चहा मिळेल.