माऊंट, गेज आणि आजीचा फोटो

निकॉन डी३३०० आणि कॅनन १२००डी हे दोन कॅमेरे २०१४ च्या सुरुवातीला महिनाभराच्या अंतरानं जाहीर झाले. दोन्ही नवशिक्यांसाठी, दोन्ही काळे, दोन्हींसोबत मिळायची ती १८-५५ मिमीची लेन्स. आज दोन्ही सेकंडहँड बाजारात सहज मिळतात आणि हौशी माणूस नेमका या दोघांमध्ये अडकतो. मीही अडकलो होतो.

कॅमेरा मला एकाच कामासाठी हवा होता. आमच्या बोरी अरबला, खरंतर दारव्हा तालुक्यात कुठल्याही गावात, भिंतीवरचे हार घातलेले फोटो जरा निरखून बघा. बरेचसे कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठे केलेले असतात. माणूस बाजूला बघत असतो, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा हात असतो. माझी आजी ऐंशीच्या पुढे गेलीय आणि तिचा एकटीचा फोटो म्हणजे फक्त आधार कार्डावरचा. तिचा चुलीपाशी बसलेला, नीट प्रिंट काढता येईल असा फोटो मला हवा होता.

सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे आधी एक्सेल उघडलं. निकॉन २४.२ मेगापिक्सेल, कॅनन १८. आकडा मोठा वाटतो. पण निकॉनचा फोटो ६००० पिक्सेल रुंद आणि कॅननचा ५१८४, म्हणजे रुंदीत जेमतेम सोळा टक्क्यांचा फरक. सेन्सरचं क्षेत्रफळ निकॉनचं साधारण ३६७ चौरस मिमी, कॅननचं ३३२. हाही फरक दहा टक्क्यांचाच. बाबांनी तक्ता बघितला आणि विचारलं, "फोटो निंगते ना दोन्हीतून? मंग?"

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा त्याच्या चित्रात फक्त दहा हजार पिक्सेल होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. १९९५ चा कॅसिओ क्यूव्ही-१० मागे छोटा पडदा असलेला कॅमेरा होता, पण त्याचे पिक्सेल अडीच लाखच. अल्बमात बसणाऱ्या चार बाय सहा इंची चांगल्या प्रिंटला साडेएकवीस लाखांच्या आसपास पिक्सेल लागतात. म्हणजे त्या काळी प्रत्येक वाढीव पिक्सेल खरोखर दिसायचा. पुढे कॅमेऱ्यांनी ही रेषा कधीच ओलांडली, पण मेगापिक्सेल मोजायची सवय गेली नाही. ती दुकानदारालाही सोयीची होती, कारण एक आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा आहे हे कुणालाही समजतं.

या दोन कॅमेऱ्यांतला खरा फरक मात्र लेन्स जिथे बसते त्या गोल कड्यात, म्हणजे माऊंटमध्ये आहे. तो फरक ठरला तेव्हा डिजिटल कॅमेरे बाजारात आलेही नव्हते.

निकॉननं आपला एफ माऊंट १९५९ मध्ये आणला. आतला व्यास ४४ मिमी. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला आणि आपोआप फोकस करणाऱ्या कॅमेऱ्यांची शर्यत लागली. फोकस हलवायला मोटर लागते. ती ठेवायची कुठे? निकॉननं जुना माऊंट कायम ठेवला आणि मोटर कॅमेऱ्याच्या पोटात बसवली. तिथून छोट्याशा पेचकससारख्या दांड्यानं लेन्स फिरायची. जुने ग्राहक खूश राहिले. कॅनननं १९८७ मध्ये उलटं केलं. आपला जुना एफडी माऊंट सोडून ५४ मिमीचा नवा ईएफ माऊंट आणला, मोटर प्रत्येक लेन्समध्ये घातली आणि कॅमेरा-लेन्समधला सगळा संवाद विजेच्या संपर्कांवर नेला. ज्यांच्याकडे एफडी लेन्स होत्या ते संतापले, कारण त्यांच्या लेन्स नव्या कॅमेऱ्यांवर बसेनात.

हा पेच आमच्याकडच्या माणसाला लवकर कळावा. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिमीच्या रुळांवर धावायची. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिथे १९९४ पर्यंत राबलं. पण भोवतीचं जाळं ब्रॉडगेज झालं आणि या रुळांवरचा डबा बाहेर कुठे जाऊ शकेना. एकदा रूळ टाकले की डबे, पूल, फलाट सगळं त्याच मापाचं होतं. मग एकतर ते माप ओढत न्यायचं, नाहीतर उखडून नवं टाकायचं. निकॉननं ओढत नेलं, कॅनननं उखडलं. दोन्हींची किंमत कुणीतरी मोजलीच.

निकॉनच्या निर्णयाचं बिल २००६ मध्ये आलं. डी४० हा कॅमेरा लहान आणि स्वस्त करताना कंपनीनं पोटातली मोटर काढून टाकली. डी३३०० त्याच वंशातला. त्यामुळे सेकंडहँड बाजारातली निकॉनची जुनी ५० मिमी एफ/१.८ डी लेन्स त्यावर बसते, पण फोकस हातानं फिरवावा लागतो. स्वतःची मोटर असलेली एफ/१.८ जी चालते, पण ती २०११ नंतरची. कॅननची १९९० ची ५० मिमी एफ/१.८ मात्र १२००डी वर लावली की लगेच फोकस करते.

ही एकच लेन्स का महत्त्वाची? सोबत येणारी १८-५५ लेन्स ५० मिमीच्या आसपास साधारण एफ/५.६ इतकीच उघडते. ५.६ ला १.८ नं भागा आणि वर्ग करा, उत्तर येतं सुमारे ९.७. म्हणजे एफ/१.८ लेन्स जवळपास दहापट प्रकाश आत घेते. एका बल्बच्या स्वयंपाकघरात, जिथे म्हातारं माणूस "हलू नको" म्हटलं की हमखास हलतं, तिथे हा दहापटीचा फरक सोळा टक्के पिक्सेलांना कुठल्या कुठे मागे टाकतो.

निकॉनचा सेन्सर नवा आणि सरस आहे, यात वाद नाही. उन्हातल्या कपाशीचे, डोंगरांचे फोटो काढणाऱ्यानं तोच घ्यावा. ज्याच्याकडे जी लेन्सचे पैसे आहेत त्यानंही. माझं काम आणि माझं बजेट बघता मी कॅनन घेतला आणि सोबत जुनी ५० मिमी.

यातली गंमत अशी की हे दोन्ही रूळ आता जुने झालेत. २०१८ मध्ये निकॉननं झेड आणि कॅनननं आरएफ असे नवे माऊंट आणले. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी १५ लाख डिजिटल कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले होते, २०२० मध्ये ९० लाखही नाहीत. मधल्या काळात आपल्या सगळ्यांच्या खिशात फोन आला. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय तो दिवसाउजेडी पुरेसा आहे. फोटो फक्त स्टेटसला जाणार असतील तर कॅमेऱ्यावर पैसे घालू नका.

घ्यायचाच असेल तर दोन मॉडेल शेजारी ठेवून मेगापिक्सेल मोजत बसू नका. फोटो कुणाचा काढायचाय, किती उजेडात, आणि त्यासाठी लागणारी लेन्स त्या माऊंटला किती रुपयांत मिळते, एवढं आधी लिहून काढा. शेवटी प्रिंटचे पैसे बाजूला ठेवा.

आजीनं फोटो काढताना पदर तीनदा सारखा केला. प्रिंट यवतमाळहून आणली. ती बघून ती म्हणाली, "हे लावून ठेव, पण हार आताच नको घालू."