पाच मासकांचे मोल

विनयपिटकातील दुसरा पाराजिक नियम अदिन्नादानाविषयी आहे. न दिलेली वस्तू चोरीच्या हेतूने घेणारा भिक्खू संघास कायमचा मुकतो. मात्र त्या वस्तूचे मोल निदान पाच मासक असावे लागते. मोल एका मासकाहून अधिक पण पाचांहून कमी असेल तर थुल्लच्चय आणि एक मासक किंवा त्याहून कमी असेल तर दुक्कट, असे सौम्य दोष सांगितले आहेत. म्हणून मासक म्हणजे किती, हा केवळ नाणेशास्त्राचा प्रश्न नव्हे. एका माणसाचे भिक्खुपण त्यावर अवलंबून होते.

मासक हा शब्द ऐकताच मराठी वाचकास सराफाचा मासा आठवतो. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे कोष्टक आपल्या वाडवडिलांना तोंडपाठ होते. इंग्रजी अमदानीत ठरलेला तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्या मानाने मासा ०.९७ ग्रॅम आणि पाच मासे ४.८६ ग्रॅम होतात. परंतु चांदीचा प्राचीन आहत कार्षापण, म्हणजेच पालीतील कहापण, साधारण ३.४ ग्रॅमचा आढळतो. याचा अर्थ, कहापणाचा केवळ एक अंश असलेले पाच मासक सबंध कहापणाहून जड ठरतात! शब्द टिकला, वजन टिकले नाही, हाच याचा उलगडा होय.

काही अभ्यासक मग मनुस्मृतीच्या कोष्टकाकडे वळतात. तेथे सोन्याचा माष ५ गुंजांचा, तर चांदीचा माष २ गुंजांचा आहे. असे १६ रौप्यमाष मिळून ३२ गुंजांचे धरण होते. एकाच ग्रंथात एकच नाव धातूप्रमाणे दोन वजनांचे आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. हे कोष्टक विनयास लावले तर पाच मासक म्हणजे १० गुंजा चांदी. पण विनयात स्पष्ट म्हटले आहे की, त्या काळी राजगृहात पाच मासकांचा एक पाद होत असे. पाद म्हणजे चौथा हिस्सा. सोळातील पाच हा चौथा हिस्सा नव्हे. विसांतील पाच हाच चौथा हिस्सा. राजगृहाचा कहापण वीस मासकांचा होता, असे अट्ठकथाही सांगते. तेव्हा ३२ गुंजांच्या नाण्याचा पाद ८ गुंजांचा झाला. अंतर अवघे दोन गुंजांचे. परंतु ९ गुंजा चांदीच्या मोलाची चोरी करणारा भिक्खू एका हिशेबाने संघात राहतो आणि दुसऱ्या हिशेबाने पतित ठरतो.

ही अडचण आपल्या पूर्वाचार्यांना ठाऊक होती. इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपात रचलेल्या आणि परंपरेने आचार्य बुद्धघोषांच्या मानल्या गेलेल्या समन्तपासादिकेत सर्व जनपदांसाठी एकच नियम दिला आहे: कहापणाचा चौथा भाग तो पाद. त्यासोबत एक सूचना आहे. हा कहापण जुना नीलकहापण समजावा, रुद्रदामक आदी नाणी नव्हेत. रुद्रदामन हा इसवी सन १५० च्या जुनागढ शिलालेखाचा महाक्षत्रप. पश्चिमी क्षत्रपांची चांदीची नाणी साधारण २ ते २.४ ग्रॅमची असत. जुन्या नाण्याचा पाद ०.८५ ग्रॅम येतो, तर या हलक्या नाण्याचा ०.५५ ग्रॅमच्या आसपास. नाव तेच ठेवून नाणे बदलले असते, तर पाराजिकाची मर्यादा सुमारे एक तृतीयांशाने खाली आली असती. राजांनी नाणे घटवले म्हणून भिक्खूचा अपराध वाढू नये, हे त्या सूचनेचे फलित होय, असे आमचे मत आहे.

क्षत्रपांचा हा कार्षापण आपल्याच भूमीवर चालत होता. नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक नाणी १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडली. त्याचा जावई उषवदात याने त्रिरश्मी येथील दहाव्या लेण्यात, वर्ष ४२ च्या लेखात, संघासाठी ३००० कार्षापणांची अक्षयनीवी नोंदविली आहे. त्यांपैकी २००० कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे शेकडा एक या व्याजाने ठेवले आणि त्यातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. व्याज मासिक धरले तर महिन्याचे २० आणि वर्षाचे २४० होतात. वीस गुणिले बारा बरोबर २४०! या पडताळ्यास ग्रॅमची गरज लागली नाही. लेखाचा हिशेब लेखाच्याच मापांनी जुळला.

याच लेखसमूहात ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण हा दरही दिलेला आहे. तेथे मनुस्मृतीचा ८० गुंजांचा सुवर्ण आणि ३२ गुंजांचे रौप्य घेतले, तर सोन्याचा भाव चांदीच्या चौदापट निघतो. क्षत्रपांचे हलके नाणे आणि साधारण ८ ग्रॅमचे कुषाण सुवर्णनाणे घेतले, तर तो दहापटीच्याही किंचित खाली येतो. एकच वाक्य, पण नाणे बदलताच इतिहास बदलतो.

म्हणून प्राचीन मापे वाचताना आधी त्यांचे परस्परप्रमाण पाहावे, मग देश, काळ आणि धातू ठरवावा, आणि ग्रॅमकडे सर्वांत शेवटी वळावे. अट्ठकथेनेही चोरीचा निर्णय देण्यापूर्वी वस्तू, काळ, देश, मोल आणि वापर ही पाच स्थाने तोलण्यास सांगितले आहे. चुकीच्या तराजूने कुणाचे भिक्खुपण जाऊ नये, यासाठी जी दक्षता विनयधरांनी घेतली, तीच आज इतिहास लिहिणाऱ्याने घ्यावयास हवी.