राजदूतची वही

१९७८ साली तात्यांनी दुधाच्या धंद्यासाठी राजदूत घेतली. सेकंडहँड. गाडीबरोबर आरसी बुक आलं, पान्यांची पिशवी आली. माहितीची पुस्तिका मात्र आधीच्या मालकाच्या घरी उंदरांनी कुरतडली होती.

राजदूतचं मूळ पोलंडचं. तिकडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनी साठच्या दशकात ती इथं बनवू लागली. १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या आणि मधे माणूस, अशी ती कच्च्या वाटेनं धावायची. १९७३ च्या ‘बॉबी’त दिसली ती तिची धाकटी बहीण. आमच्याकडं आलेली थोरली, कष्टाची.

टू-स्ट्रोक गाडीत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. पिस्टनला वंगण मिळतं ते तेवढंच. तात्यांना एवढं ठाऊक होतं. किती मिसळायचं ते नव्हतं. विकणाऱ्यानं सांगितलेलं, “अंदाजानं घालायचं.” चैत्रातल्या एका सकाळी अंदाज चुकला. कराडच्या अलीकडं चढाला गाडी कचकन थांबली. पिस्टन चिकटला होता. ऊन चढलं आणि चाळीस लिटर दूध नासलं. बोअर करून नवा पिस्टन घालायला घरातली दोन शेरडं विकावी लागली.

गाडी खोलली तेव्हा मी सातवीत होतो. तात्या म्हणाले, “मिस्त्री सांगतील ते लिहून घे. परत परत इचारायला नको.”

“त्यात लिवण्यासारखं काय हाय?” मिस्त्री हसले, पण सांगू लागले. “चेन बेतानं ताणायची.”

“बेतानं म्हंजे किती?”

मिस्त्री थांबले. मग चेनच्या मधोमध बोट लावून म्हणाले, “एक बोट खालीवर हलली पायजे. जास्त नको, कमी नको.”

असं प्रत्येक ठिकाणी झालं. त्यांच्या हाताला माप माहीत होतं, तोंडाला नव्हतं. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीवर त्यांनी कानशीनं खूण केली: लिटरला एवढं ऑईल, म्हणजे ४० मिली. आधी डब्यात पेट्रोलमध्ये ढवळायचं, मग टाकीत ओतायचं. प्लगची काजळी पॉलिश कागदानं घासायची. फट हॅक्सॉ ब्लेडच्या जाडीएवढी. सायलेन्सरच्या आतली नळी काढून चुलीत लाल करायची आणि गार झाल्यावर ठोकून झाडायची. शेवटी लिहायला लावलं, “पॉइंटला घरी हात लावायचा न्हाई. गाडी माझ्याकडं आणायची.”

वही देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात राहिली. आईला गाडी चालवता येत नव्हती, पण ऑईल मिसळायचं काम तिनं घेतलं. बाटली डोळ्यांसमोर धरून ती खुणेपर्यंत ओतायची. “शेरडं गेली ती गेली,” म्हणायची. त्यानंतर पिस्टन परत चिकटला नाही. गावात आणखी राजदूत आल्या, तशा वहीच्या नकला घरोघर गेल्या. त्या मीच लिहून दिल्या.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक, पेट्रोलात ऑईल मिसळायचं काम उरलं नाही. काही वर्षांनी ती आमच्याही दारात उभी राहिली. हिच्या इंजिनात ऑईल वेगळं असतं आणि ते वेळेवर बदलावं लागतं, म्हणून वहीत नवं पान आलं. चेनचं पान मात्र जुनंच चाललं. ते उघडलं की ‘बेतानं’ हा शब्द खोडलेला आणि वर ‘एक बोट’ लिहिलेलं अजून दिसतं.