मैदान कोणाचे?

'विकासासाठी खेळ' ही कल्पना अलीकडे फार प्रतिष्ठित झाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००३ साली खेळाला शिक्षण, आरोग्य, विकास व शांतता यांचे साधन मानणारा ठराव केला. २०१५ च्या शाश्वत विकासाच्या कार्यक्रमपत्रिकेतही खेळाला स्थान मिळाले. त्याही आधी, १९७८ साली, युनेस्कोच्या सनदेने खेळ व शारीरिक शिक्षण हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क ठरविला. भंडारा जिल्ह्यात शिक्षकी करणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र येथे एक प्रश्न पडतो. ज्या समाजात चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात जात होता, पण पाण्याचा पेला जात नव्हता, त्या समाजात खेळ आपोआप समतेचे साधन कसा होईल?

पाळवणकर बाळूंचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो. चांभार जातीत जन्मलेले बाळू पुण्याच्या जिमखान्यात मैदानाची कामे करीत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकीत. पुढे हिंदूंच्या संघाला जिंकण्यासाठी त्यांची गरज पडली. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांच्या हातचा चेंडू घेत, पण चहाच्या वेळी त्यांचा मातीचा पेला वेगळा, तोही बाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी देण्यात आले नाही. १९२० साली कर्णधारपदाच्या प्रश्नावरून त्यांचे भाऊ शिवराम व विठ्ठल संघातून बाहेर पडले, आणि १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. हा बदल खेळाच्या पुण्याईने झाला नाही. त्यामागे दोन भावांचा नकार होता आणि बाहेर उभी राहत असलेली अस्पृश्यांची चळवळ होती.

पुढचे पान आपल्याला अधिक जवळचे आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत याच बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब जिंकले. १९५४ साली आमच्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत मात्र काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेब पराभूत झाले. बाळूंना दोष देण्याचा हा प्रश्न नाही. त्यांचे कर्तृत्व आपल्या अभिमानाचाच विषय आहे. पण ज्यांनी त्यांना कर्णधारपद दिले नाही, त्याच समाजाच्या पुढाऱ्यांना त्यांची कीर्ती चळवळीविरुद्ध वापरता आली, हे आपण विसरता कामा नये. सत्तेत वाटा न देता केलेला गौरव असाच उपयोगी पडतो.

मग खेळ टाकून द्यावा काय? मुळीच नाही. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात मोडकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहिली आणि २००१ पासून त्यांच्यासाठी फुटबॉलचे काम उभे केले. त्यांतली मुले पुढे परदेशातील स्पर्धांपर्यंत पोचली. नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' (२०२२) या चित्रपटाला याच कामाचा आधार आहे, आणि त्यात महाविद्यालय व वस्ती यांच्यामधली भिंत दिसते. चेंडू भिंतीपलीकडे गेला, हे महत्त्वाचेच. पण भिंत कोणी बांधली, हे विचारणे अधिक महत्त्वाचे.

केनियातील नैरोबीच्या मथारे झोपडपट्टीत १९८७ साली सुरू झालेल्या युवक क्रीडा संघटनेत संघांना वस्तीच्या सफाईबद्दलही गुण मिळतात. योजना उत्तम आहे. पण ती आपल्याकडे जशीच्या तशी आणली, तर झाडू कोणाच्या हाती जाईल? जेथे सफाई जातीने वाटून दिलेली आहे, तेथे आपल्या पोरांना चेंडूच्या आधी झाडू मिळण्याचा धोका आहे. आमचा जिल्हा तलावांचा. तलावातला गाळ काढायचा तर सगळ्या आळ्यांच्या पोरांनी एकत्र काढावा, आणि त्या तलावावरचा हक्कही सगळ्यांचा असावा. नाहीतर ती शाश्वतता नव्हे, जुनी वेठच.

याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, खैरलांजीला, २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यामागे जमिनीचा आणि स्वाभिमानाने जगण्याचा प्रश्न होता. चार कबड्डीच्या सामन्यांनी ही दरी बुजेल असे कोणी सांगू लागला, तर त्याला आपण थांबविले पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी, गावात कोणतीही क्रीडायोजना आली की, चार प्रश्न विचारावेत. मैदानाची जमीन कोणाच्या नावावर आहे? संघ निवडतो कोण, आणि कर्णधार कोण? मुली मैदानावर आहेत की केवळ सत्काराची ताटे धरायला? आणि मध्यंतरात पाणी सगळे एकाच माठातले पितात काय? उत्तरे मिळाली तर खेळावे, मन लावून खेळावे. न मिळाली तर विठ्ठल-शिवरामांनी दाखविलेली वाट आपल्यासमोर आहेच.